बक्षीबाबूंचा पंचनामा

वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात एक चार ओळींची जाहिरात येते. वाटेतला काटा ज्याला दूर करायचा असेल, त्याने शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजता व्हाइटवे लेडलॉच्या दुकानाच्या कोपऱ्यावर, दिव्याच्या खांबाला हात टेकून उभं राहावं. तिकडे कलकत्त्यात भर रस्त्यात धडधाकट माणसं छातीला हात लावून कोसळतायत. गोळीचा आवाज नाही, सुऱ्याचा वार नाही. डॉक्टर छाती उघडतात तेव्हा काळजात रुतलेली सापडते ती ग्रामोफोनची पिन. आणि ती पिन सुटते सायकलच्या घंटीतून. या गोष्टीचं रहस्य फुटून आता नव्वद वर्षं उलटली, तेव्हा ते इथे सांगितल्याबद्दल कुणी रागावू नये.

शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी ही कथा १९३२ साली लिहिली. १९९३ साली ती दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर ‘रास्ते का काँटा’ होऊन आली, ‘ब्योमकेश बक्षी’ या मालिकेत. दिग्दर्शक बासू चटर्जी, ब्योमकेश रजित कपूर, त्याचा मित्र अजित के. के. रैना, सुरुवातीचं ते अंगावर काटा आणणारं संगीत आनंद शंकर यांचं. १९९७ साली मालिकेचा दुसरा टप्पा आला. त्या काळी घरात फक्त दूरदर्शन असलेल्या पिढीपुढे आज हा विषय काढला, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ब्योमकेश म्हणजे रजित कपूर, बाकी सगळे नंतरचे. पुढचं वाक्य मात्र प्रत्येकाचं वेगळं. कुणी म्हणतं असली मालिका पुन्हा होणे नाही. कुणी म्हणतं आता पाहवत नाही, फार संथ आहे. आणि बंगाली माणूस शेजारी बसलेला असेल तर तो हळूच विचारतो, तुम्ही पुस्तक वाचलंय का?

मालिकेची गंमत तिच्या पात्रयोजनेपासूनच सुरू होते. बंगाली भद्रलोकांचा हा सर्वात लाडका गुप्तहेर रंगवणारा नट पंजाबी. त्याचा सावलीसारखा सोबती अजितबाबू काश्मिरी. आणि ब्योमकेशची बायको सत्यवती? आपली सुकन्या कुलकर्णी. ‘आभाळमाया’तली सुधा जोशी घरोघरी पोचायला तेव्हा अजून सहा वर्षं होती आणि ‘बाईपण भारी देवा’ला तीस. कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवरच्या त्या बिऱ्हाडात खरा बंगाली होता तो कॅमेऱ्यामागे, आणि तोही अजमेरमध्ये जन्मलेला, मुंबईत ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात वर्षानुवर्षं व्यंगचित्रं काढून मग सिनेमाकडे वळलेला. तरीही ही मंडळी उपरी वाटली नाहीत. धोतर नेसलेला रजित कपूर धोतर नेसवलेला वाटत नाही, एवढी एक गोष्ट विरोधकही मान्य करतात.

ही मालिका आली ते वर्षही मोठं चमत्कारिक होतं. आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, झी टीव्ही सुरू झाला होता. गच्च्यांवर तबकड्या उगवू लागल्या होत्या, गल्लीगल्लीत केबलवाले वायरी ओढत होते. दूरदर्शनची सद्दी संपायला आली होती. हिंदीतला गुप्तहेर म्हणून लोकांच्या डोळ्यांपुढे होता तो १९८५ चा ‘करमचंद’, गाजर चावणारा आणि किटीला गप्प करणारा पंकज कपूर. तो हसवायचा. १९९८ साली सोनीवर ‘सीआयडी’ सुरू झालं आणि शिवाजी साटम यांच्या एसीपी प्रद्युम्नांनी दारं तोडायला लावली. या दोघांच्या मधोमध ब्योमकेश उभा आहे. तो गाजरही खात नाही आणि दारही तोडत नाही. तो सिगारेट पेटवतो, चहा मागवतो आणि विचार करतो. टीव्हीवर माणूस नुसता विचार करताना दाखवणं ही काही सोपी गोष्ट नव्हे.

कौतुक करणाऱ्यांचं म्हणणं नीट ऐकलं तर ते बहुतेकदा याच गोष्टीपाशी येऊन थांबतं. ब्योमकेश सकाळचा पेपर वाचतोय, अजित शेजारी काहीतरी खरडतोय, नोकर पुतीराम चहा आणून ठेवतो. बाहेर कुणीतरी दार ठोठावतं. येणारा माणूस घाबरलेला असतो, पण आल्या आल्या आरडाओरडा करत नाही. आधी नमस्कार, मग ‘बाबू’ लावून नाव, मग बसणं, आणि मग चाचरत कहाणी. ब्योमकेश मध्ये एखादाच प्रश्न विचारतो आणि अजितकडे एक तिरका कटाक्ष टाकतो. ती माणसं एकमेकांशी ज्या बेताने बोलतात, त्या बेतात १९३० चं दशक दडलेलं आहे. मागे ट्राम धावली काय, न धावली काय.

ट्राम फारशी धावत नाहीच. आणि इथे तक्रारदारांची बाजू सुरू होते. बहुतेक कथा चार भिंतींच्या आत घडते: मेसची खोली, जमीनदाराची बैठक, जिना, पुन्हा खोली. मोठ्या शहराचा गजबजाट कानावर आला तरी डोळ्यांना क्वचितच दिसतो. प्रकाश सपाट, आवाज कुठे घुमणारा, भिंती कोऱ्या. ज्यांनी जेरेमी ब्रेटचा ब्रिटिश ‘शेरलॉक होम्स’ पाहिला आहे, त्यातली बग्गी, धुकं आणि फरसबंद रस्ते डोळ्यांत साठवले आहेत, त्यांना बक्षीबाबूंचं कलकत्ता म्हणजे एखाद्या हौशी नाटक मंडळीचा सेट वाटतो. तक्रार खोटी नाही. दूरदर्शनच्या मालिकेत कलकत्त्याची चौरंगी उभी करणं कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं.

दुसरी तक्रार अधिक बोचरी आहे आणि ती रहस्यकथांच्या पट्टीच्या वाचकांकडून येते. एका भागात माणसं येतात चार-पाच. त्यातला एक मेलेला, एक पोलीस, एक नोकर. उरलेल्या दोघांत खुनी कोण हे शोधायला स्वतःला सत्यान्वेषी म्हणवणारा ब्योमकेश कशाला हवा? मूळ कथांमध्ये शरदिंदू वाचकाला बराच काळ भलत्याच वाटेने फिरवतात. मालिकेत त्या वाटा कापल्या गेल्या. मग शेवटी सगळ्यांना खोलीत बसवून ब्योमकेश उलगडा करतो तेव्हा काही प्रेक्षक आधीच स्वयंपाकघरात गेलेले असतात. हा आक्षेप निम्मा तरी खरा आहे. ‘मकड़ी का रस’मध्ये मात्र तो लागू पडत नाही. बिछान्याला खिळलेला एक विकृत म्हातारा, त्याला कोळ्याच्या विषाचं व्यसन, घरच्यांचा चोवीस तास पहारा, तरी विष आत येतंच आहे. कसं? खोलीबाहेर जायची गरजच नाही, सगळं गूढ त्या बिछान्याभोवती. इथे अपुरा सेट हाच पुरेसा सेट ठरतो.

खोलीतल्या उलगड्याविषयी थोडं बासू चटर्जींच्या बाजूने बोलायला हवं. या दिग्दर्शकाने १९८६ साली ‘एक रुका हुआ फ़ैसला’ केला होता: बारा माणसं, एक बंद खोली, एका तरुणाच्या गळ्याभोवतीचा फास आणि दोन तास चाललेला वाद. त्यात सगळ्यांविरुद्ध एकटा उभा राहून शंका काढणारा ज्युरर होता के. के. रैना, म्हणजे पुढचा अजित. खोलीत बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर गोष्ट उभी करणं ही बासूदांची जुनी सवय. ‘रजनीगंधा’ आणि ‘छोटी सी बात’मध्ये त्यांनी बसस्टॉपवरच्या आणि ऑफिसातल्या साध्या माणसांकडे जसं पाहिलं, तसंच त्यांनी मेसमधल्या बाबूंकडे पाहिलं. दूरदर्शनवर १९८५ साली प्रिया तेंडुलकरांची ‘रजनी’ घडवणारेही तेच. रजनी गॅसवाल्याला जाब विचारायची, ब्योमकेश खुन्याला. दोघांचा आवाज मध्यमवर्गीय घरातला. प्रेक्षकांना ब्योमकेश जवळचा वाटला याचं मोठं कारण हे असावं. होम्ससारखा तो तऱ्हेवाईक नाही. तो संसारी आहे, बायकोला भितो आणि पैशांची ओढाताण लपवत नाही.

बंगाली प्रेक्षकाचं गणितच निराळं. त्याच्यासाठी ब्योमकेश पडद्यावर येण्याआधी घरातल्या कपाटात होता. आपल्याकडे दिवाळी अंक तसे तिकडे पूजा अंक, आणि त्यांत रहस्यकथा हवीच अशी वाचकाची जुनी खोड. अशा वाचकापुढे ब्योमकेश उभा करणं म्हणजे जिभेने तिखट असलेल्या सासूपुढे पुरणपोळी ठेवणं. खुद्द सत्यजित राय यांनाही हे जमवताना नाकी नऊ आले. १९६७ सालच्या त्यांच्या ‘चिड़ियाखाना’मध्ये उत्तमकुमार ब्योमकेश झाले, डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा लावून. पुस्तकातल्या ब्योमकेशला चष्मा नाही, हे पाठ असणारे वाचक त्यावर आजही अडून बसतात. उत्तमकुमारना त्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो या आणि ‘अँटनी फिरिंगी’तल्या भूमिकांसाठी, राय यांनाही दिग्दर्शनाचा मिळाला, पण खुद्द राय या चित्रपटावर खूश नव्हते. गुप्तहेर लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या गुप्तहेराशी जुळवून घेणं अवघड गेलं म्हणावं, तर आपल्या गुप्तहेराच्या, फेलूदाच्या, कथा त्यांनी त्याआधी दोनच वर्षं सुरू केल्या होत्या.

हिंदी मालिकेवर बंगाली वाचकाचा मुख्य आक्षेप भाषेचाच. शरदिंदूंची सुरुवातीची बंगाली भारदस्त, जुन्या वळणाची. कथा सांगणाऱ्या अजितच्या तोंडून ती थोडी मिश्कील होते. हिंदीत ती चव उतरत नाही. असं असूनही अनेक बंगाली घरांत रजित कपूरला जी जागा मिळाली, ती पुढच्या बऱ्याच बंगाली नटांना मागून मिळाली नाही. २०१० पासून अंजन दत्त यांच्या चित्रपटांत आबीर चटर्जी आले, मग यीशू सेनगुप्ता, परमब्रत, वेब मालिकेत अनिर्बाण भट्टाचार्य. प्रत्येकाचे चाहते आहेत आणि प्रत्येकाची तुलना शेवटी त्याच हिंदी मालिकेशी होते. २०२३ साली तर कहर झाला. ‘दुर्गरहस्य’ या एकाच कथेवर ऑगस्टमध्ये देव यांचा चित्रपट आला आणि दोनेक महिन्यांत सृजित मुखर्जींची वेब मालिका, अनिर्बाणला घेऊन. प्रेक्षकांना आयतीच कुस्ती मिळाली. त्यात जुने लोक तिसराच पहिलवान उतरवत होते: आमच्या ‘क़िले का रहस्य’मध्ये हे सगळं दूरदर्शनच्या पैशात झालं होतं!

मराठी प्रेक्षक या वादात पाहुण्यासारखा उभा राहतो, पण खरं तर त्याचंही या घराण्याशी नातं आहे, आणि सत्यवतीपुरतंच ते नाही. शरदिंदू १९३८ साली हिमांशु राय यांच्या बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले. ‘भाभी’, ‘कंगन’ अशा चित्रपटांसाठी त्यांनी लिहिलं. ब्योमकेशच्या पहिल्या दहा कथा त्याआधीच, १९३६ पर्यंत, लिहून झाल्या होत्या. मग पंधरा वर्षं बक्षीबाबू गायब. कलकत्त्यातल्या वाचकांनी आग्रह धरला तेव्हा १९५१ मध्ये ते ‘चित्रचोर’ घेऊन परतले. पुढच्याच वर्षी शरदिंदूंनी सिनेमा सोडला आणि ते पुण्यात राहायला आले. १९७० मध्ये त्यांचं निधन झालं तोवर पुणं हेच घर. म्हणजे ब्योमकेशच्या निम्म्याहून अधिक कथा कलकत्त्यात नव्हे, पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. कलकत्त्याच्या गल्ल्या इतक्या अचूक उतरल्या त्या आठवणीतून.

एकदा तर लेखकाने नायकालाच इकडे बोलावून घेतलं. ‘शैलरहस्य’ ही कथा घडते महाबळेश्वरला. ऐन जानेवारीत, हंगाम नसताना, सह्याद्री हॉटेलात उतरलेला ब्योमकेश थंडीने काकडत अजितला पत्र लिहितो. हॉटेलचा मालक पारशी, हॉटेल जवळपास रिकामं आणि रात्री खोलीत भुताची चाहूल. मुलांसाठी शरदिंदूंनी सदाशिव नावाचा एक पोरगाही निर्माण केला, जो थेट शिवाजी महाराजांच्या मावळ्यांत जाऊन सामील होतो. बंगाली मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना सह्याद्री भेटला तो या सदाशिवामुळे. पुणेकरांनी या शेजाऱ्याची पुरेशी दखल घेतली नाही, ही गोष्ट मनाला लागते. आणि सुरुवातीचं ते व्हाइटवे लेडलॉ? त्या कंपनीचं दुकान मुंबईतही होतं. दादाभाई नौरोजी रोडवरच्या त्या इमारतीत पुढे खादी भांडार आलं. किती मराठी घरांनी तिथून टॉवेल आणि चादरी आणल्या असतील.

काळाविषयी एक बारीक भांडण मात्र चुकत नाही. पुस्तकातला ब्योमकेश वाढतो. १९३२ मध्ये तो मेसमध्ये खोटं नाव घेऊन राहणारा तरुण आहे. मग लग्न, मुलगा, महायुद्धाची टंचाई, १९४६ च्या दंगली, फाळणी, स्वातंत्र्य, आणि उतारवयात स्वतःचं घर. अखेरच्या काही कथांमध्ये तर अजितची लेखणीही थांबते आणि लेखक स्वतः गोष्ट सांगू लागतो. मालिकेत हा प्रवाह आटून एकच गोठलेला ‘जुना काळ’ उरतो. जाणकारांची ही तक्रार रास्त आहे, आणि सेटच्या तक्रारीपेक्षा कितीतरी मोलाची. सेटचं कारण पैसा. वय दाखवायला पैसा लागत नाही. पस्तिशीतला आणि पन्नाशीतला ब्योमकेश वेगळा वाटला असता तर हिंदी टीव्हीला एक दुर्मीळ गोष्ट मिळाली असती: आपल्यासोबत म्हातारा होणारा नायक.

पैसा असला की काय होतं, तेही प्रेक्षकांनी पाहिलं. एप्रिल २०१५ मध्ये दिबाकर बॅनर्जींचा ‘डिटेक्टिव्ह ब्योमकेश बक्शी!’ आला. यशराजचं पाठबळ, जपानी बॉम्बच्या छायेतलं १९४० च्या दशकाचं कलकत्ता, जुन्या जाहिरातींचे फलक, गाड्या, बंदर, चिनी टोळ्या. जे दूरदर्शनला दाखवता आलं नव्हतं ते सगळं इथे होतं. पार्श्वभूमीला मात्र रॉक संगीत, आणि ब्योमकेशच्या भूमिकेत सुशांतसिंह राजपूत: पोरसवदा, चुकणारा, अजून बक्षीबाबू न झालेला. तिकीटबारीवर चित्रपट चालला नाही. ‘आमचा ब्योमकेश असा नव्हता’ हा सूर सर्वत्र उमटला. आता बरेच जण उलटं बोलतात, की तो काळाच्या पुढे होता. त्याच्या संगीतावर आगपाखड करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की १९९३ च्या मालिकेचं गाजलेलं शीर्षकसंगीत देणारे आनंद शंकर सतार आणि रॉक एकत्र आणण्यासाठीच ओळखले जात. म्हणजे भांडण रॉकशी नसावंच. नायकाच्या वागण्यात जो ठहराव प्रेक्षकांना हवा होता, तो या धावत्या पोरात सापडला नाही, हे खरं दुखणं.

मार्च २०२० च्या शेवटी टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा लावलं तेव्हा जोडीला ‘ब्योमकेश बक्षी’ही काढली. घरात अडकलेल्या आई-बापांनी पोरांना पकडून समोर बसवलं. नव्या प्रेक्षकाचे प्रश्न निराळे होते. हा माणूस इतकी सिगारेट का ओढतो? बायका एक तर बळी का असतात नाही तर कारस्थानी? सत्यवती हुशार आहे म्हणता, मग तिला चहा करण्यापलीकडे काम का नाही? शेवटचा प्रश्न विशेष बिनतोड. पुस्तकातली सत्यवती पहिल्याच भेटीत ब्योमकेशची नजर खिळवून ठेवते ती रूपामुळे नव्हे. भावावर खुनाचा आळ आलेला असताना ती ज्या ताठ मानेने उभी राहते त्यामुळे. सुकन्या कुलकर्णींच्या डोळ्यांत ती धमक जागोजागी दिसते. लेखणीने आणि पटकथेने तिला मोकळं मैदान दिलं नाही.

त्याच वर्षी ४ जूनला मुंबईत बासू चटर्जी गेले. दहा दिवसांनी सुशांतसिंह राजपूत. टाळेबंदीत मालिका पाहून नुकतेच जुन्या आणि नव्या ब्योमकेशवर वाद घालत असलेले लोक काही दिवस गप्प झाले. मग पुन्हा सुरू झाले.

वादाला विषय कमी पडायचा नाही, याची तजवीज शरदिंदू जाता जाता करून गेले आहेत. त्यांची शेवटची ब्योमकेश-कथा ‘विशुपाल वध’ अपुरी राहिली. तिच्यात ब्योमकेश स्वतःच प्रेक्षक आहे: घरच्या मंडळींना घेऊन नाटकाला गेलेला, आणि समोर रंगमंचावर, भर प्रयोगात, नट मरून पडतो. खुनी कोण हे लिहायच्या आत लेखकच गेला. २०२२ साली अरिंदम शील यांनी या अर्ध्या कथेवर ‘ब्योमकेश हत्यामंच’ काढला आणि शेवट आपला आपण रचला. तो पटलेले आहेत, न पटलेलेही आहेत. एरवी असा वाद झाला की कुणीतरी पुस्तक आणून पान उघडतं आणि समोरच्याला गप्प करतं. इथे पुढे करायला पानच नाही.